चित्रात नसलेला खांब

"अंबादास मास्तरांची माणसे एकमेकांकडे पाठ करून उभी असतात. ती कशाची तरी वाट पाहतात, पण रस्त्याकडे पाहत नाहीत. मास्तरांवर आयुष्यभर ज्या अमेरिकन चित्रकाराचा प्रभाव राहिला, त्याच्या न्यूयॉर्कचा हा सोलापुरी अनुवाद आहे. त्याचा विषय एकच : गर्दीतले एकटेपण."

अंबादास, तुझे दिवस होऊन गेल्यानंतरच्या रविवारी हे वर्तमानपत्रात छापून आले. लिहिणारे पुण्याचे प्राध्यापक आहेत. चित्रकलेवर व्याख्याने देतात, माणूस सभ्य आहे, आणि तुझ्या चित्रांचे प्रदर्शन भरवण्याची कल्पनाही त्यांचीच. तेव्हा त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांच्या प्रत्येक वाक्याबद्दल आहे.

तुझ्या सुजाताने मला फोन करून सांगितले, "काका, बाबांच्या बस स्टॉपच्या चित्राखाली पाटी लागणार आहे. 'गर्दीतले एकटेपण' असं नाव ठरलंय. छान वाटतं ना?" मी तिला म्हणालो की छान वाटते, पण खोटे आहे. त्यावर पोर हसून म्हणाली, "मग तुम्ही बोला त्यांच्याशी. बाबा असते तर बोलले नसतेच."

हे मात्र खरे. तू बोलला नसतास. पस्तीस वर्षे आपण दोघांनी एका शाळेत शिकवले, मी भूमिती आणि तू चित्रकला. त्या काळात माझ्या वाट्याला आलेली सगळी भांडणे मी केली आणि तुझ्या वाट्याची देखील मीच केली. हे त्यांतले शेवटचे. म्हणून ते नीट, पायरी पायरीने करावे असे ठरवले आहे. तू गेल्यापासून लोक माझ्याशी हळुवार आवाजात बोलतात, जणू मी काचेचा आहे. वास्तविक मला बरे वाटते आहे. तू सकाळचा चहा घेतलास, "आज साखर बरोबर पडली," असे वहिनींना सांगितलेस आणि खुर्चीतच गेलास. चौऱ्याऐंशीव्या वर्षी यापेक्षा नेटका शेवट मला तरी सुचवता आला नसता. मला दुःख आहे, परंतु तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या पाटीबद्दल.

प्रथम त्या अमेरिकन माणसाचे प्रकरण. लोक आता कुजबुजतात की मास्तरांनी नक्कल केली. ते पुस्तक तुला मी आणून दिले होते, हे त्यांना ठाऊक नाही. जुन्या पुस्तकांच्या एका ढिगाऱ्यात ते पडले होते. मुखपृष्ठ फाटलेले, इंग्रजी तुला जेमतेम कळणारे. आत चित्रे मात्र शाबूत होती. बागेतल्या बाकांवर बसलेली माणसे, दुकानाच्या काचेसमोर थबकलेल्या मुली, डोक्यावरून जाणाऱ्या रेल्वेच्या पुलाखाली पेपर वाचणारा म्हातारा, कामावरून सुटून जिना उतरणारी गर्दी. तो चित्रकार कोणालाही उभे करून चित्र काढत नव्हता. तो रस्त्यात होता आणि माणसेही रस्त्यात होती, एवढेच.

तू ते पुस्तक मांडीवर घेऊन माझ्या ओसरीवर सलग चार रविवार बसलास. आपला पहिला वाद तिथेच झाला.

मी म्हणालो, "यांतले कोणी कोणाकडे पाहत नाही. शेजारी बसलेत, पण एकमेकांशी काही देणेघेणे नाही. मोठ्या शहराची हीच शोकांतिका."

"काय बघायलास तू?" तू म्हणालास. "ही माणसं दमल्यात रे. दमणं वेगळं, दुःख वेगळं. आपली मिलची पाळी सुटल्यावर माणसं कशी बसत होती? अशीच की."

"पण एकाने तरी दुसऱ्याकडे बघावे!"

"दत्तोबा, बाकावर सगळ्यांनी सगळ्यांकडं बघायचं ठरवलं, तर एकाला तरी निवांत बसता यील का? न बघणं ही बी एक रीत हाय. समोरच्याला त्याची जागा देणं असतं ते."

मी त्यावर बरेच काही बोललो. तू पान उलटलेस. वादात पान उलटणाऱ्या माणसाला हरवता येत नाही, हे मला तुझ्यामुळे फार लवकर कळले आणि ते मी कधी मान्य केले नाही.

तेव्हा नक्कल म्हणणाऱ्यांना माझे उत्तर असे. तू त्या माणसाकडून काही घेतलेस, हे खरे आहे आणि ते तू स्वतः सर्वांना सांगत होतास. त्याच्याकडून तू रस्त्यात बसायचे शिकलास. तोपर्यंत आपल्याकडे चित्रकला मास्तर म्हटला की फुलदाणी, मोर आणि सूर्यास्त. तू वही घेऊन कोर्टाच्या आवारात बसू लागलास, भाजी मंडईच्या दाराशी बसू लागलास, दवाखान्याच्या नंबराच्या बाकांवर बसू लागलास. एकदा मंडईतल्या बाईने तुला हटकले, "ओ मास्तर, घ्यायचं न्हाई तर बघताय कशाला?" तू म्हणालास, "काढतोय तुमाला." ती म्हणाली, "मग वांगी बी काढा, ती बी माझीच हायत." आणि तू वांगी काढलीस. ते चित्र आज प्रदर्शनात तिसरे आहे. आता यात न्यूयॉर्क कुठे आले?

त्या दुसऱ्या, अधिक गंभीर विधानाकडे वळतो. 'एकमेकांकडे पाठ करून उभी माणसे.'

बस स्टॉपचे चित्र कसे आहे, हे ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. दोन हात रुंद हार्डबोर्डावर तैलरंग. दुपार आहे. फुटपाथच्या मधोमध माणसांची एकेरी रांग उभी आहे, तीही रस्त्याला आडवी. प्रत्येक जण पुढच्याच्या पाठीकडे पाहतो आहे आणि साऱ्यांची तोंडे रस्त्याच्या विरुद्ध दिशेला आहेत. बस ज्या बाजूने येणार, त्या बाजूला एकाचेही लक्ष नाही. डोक्यांवरून आणि खांद्यांवरून एक अरुंद जांभळट पट्टी गेलेली आहे. प्राध्यापक महाशय या पट्टीला 'शैलीचा भाग' म्हणतात.

शैलीचा भाग! अंबादास, मी वर्तमानपत्र टेबलावर असे आपटले की सूनबाई धावत आली.

ती पट्टी म्हणजे विजेच्या खांबाची सावली आहे. तो खांब तू चौकटीच्या बाहेर ठेवलास. चैत्र-वैशाखातल्या सोलापुरात, ज्या स्टॉपवर झाड नाही आणि छप्पर नाही, तिथे माणसे खांबाच्या सावलीत एकापाठी एक उभी राहतात. सावली जेमतेम वीतभर रुंद, त्यामुळे ती फक्त डोक्यापुरती मिळते. ऊन डोळ्यांत जाऊ नये म्हणून सगळे खांबाकडे पाठ करतात. सूर्य सरकला की सावली सरकते, आणि कोणी काही न बोलता सगळी रांग घड्याळाच्या काट्यासारखी अर्धे पाऊल बाजूला होते. रांगेची दिशा सूर्य ठरवतो, बस ठरवत नाही. बस आल्याचे आवाजाने कळते. तिच्याकडे तोंड करून डोळे भाजून घेण्याची गरज आपल्या गावात कोणाला वाटलेली नाही.

यावर आपले किती भांडण झाले होते, ते आता सांगायला हरकत नाही. मी म्हणालो होतो, "अंबादास, खांबही चित्रात काढ. परक्या माणसाला काही समजणार नाही." तू म्हणालास, "परक्यासाठी काढलंय का मी?" मी म्हणालो, "आकृती दिल्याशिवाय सिद्धता पुरी होत नाही." तू म्हणालास, "सोलापूरकराला खांब दाखवायला लागत न्हाई, दत्तोबा. त्याच्या टाळूला ठाऊक असतंय." मी दरवर्षी एकदा तरी हा विषय काढीत असे. आणि आता पाहा, पुण्याचा एक विद्वान तुझ्या नसलेल्या खांबावर डोके आपटून गेला. या एका बाबतीत मी बरोबर होतो, हे तुला मान्य करावेच लागेल. निदान आता तू पान उलटू शकत नाहीस.

प्राध्यापकांना मी घरी बोलावले. ते आले, त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, आणि मग म्हणाले, "सर, हे फारच सुंदर आहे. पण हे तुमचं वाचन झालं. चित्रात तर खांब नाही." मी म्हणालो, "तुमच्याकडे गाडी आहे ना? चला."

दुपारचे साडेतीन वाजले होते. मी त्यांना मोठ्या सिग्नलकडे घेऊन गेलो. सिग्नल लाल होता. पुढची पांढरी रेघ, तिच्या मागचा चाळीस पावलांचा रस्ता मोकळा, भाजून निघालेला, आणि त्याच्याही मागे कडुलिंबाच्या सावलीत पंचवीस-तीस दुचाकी दाटीवाटीने उभ्या. प्राध्यापकांचा ड्रायव्हर त्यांच्यासारखाच पुण्याचा. मोकळी जागा दिसताच तो गाडी थेट पांढऱ्या रेघेवर घेऊन गेला आणि आम्ही त्या उन्हात एकटेच जाऊन थांबलो. मी काच खाली केली. मागून एकाने हाक दिली, "ओ आजोबा, तितं काय बक्षीस हाय का? या की मागं, जागा हाय!"

"सरका रे जरा," दुसरा म्हणाला, "गाडी यील एक." आणि खरोखरच ते सरकू लागले.

प्राध्यापक वळून मागे पाहत राहिले. त्या सावलीत कोणी कोणाकडे पाहत नव्हते. एक बाई फोनवर होती, एक जण पेट्रोलच्या टाकीवर हनुवटी टेकून डोळे मिटून बसला होता, दोन मुली दोन वेगळ्या दिशांना पाहत होत्या. हिरवा दिवा लागला आणि सगळे आम्हाला ओलांडून गेले. प्राध्यापकांनी वही काढून काहीतरी लिहिले. मी विचारले नाही. जिंकलेल्या माणसाने विचारू नये.

परंतु ते सरळ मनाचे आहेत आणि सरळ मनाची माणसे त्रासदायक असतात. माझ्या दारात मला उतरवताना ते म्हणाले, "सर, सावली मान्य. पाठी मान्य. मग खांबाच्या बाजूने पहिल्या माणसानंतर मास्तरांनी जी मोकळी जागा सोडली आहे, तिचं काय? सगळी रांग खेटून उभी आहे आणि तिथे एक माणूस मावेल एवढं भगदाड आहे. आणि सर्वांत पुढे, सावलीच्या टोकाबाहेर, ती एक बाई डोक्यावर पदर घेऊन उन्हात उभी आहे. तिला कोणीच आत घेतलेलं नाही. एकटेपण नाही, तर दुसरं काय आहे ते? रविवारी पाट्या लागणार आहेत. तुम्ही मला एक वाक्य द्या, मी पाटी बदलतो."

अंबादास, मी 'रविवारच्या आत देतो' म्हणून घरात शिरलो.

तो आक्षेप मूळचा माझाच आहे. हे मी आजवर कोठे सांगितले नव्हते. तू ते चित्र पहिल्यांदा शिक्षकांच्या खोलीत आणून भिंतीला टेकवलेस, तेव्हा सर्वांच्या देखत मी म्हणालो होतो, "एक माणूस कमी पडला आहे. आणि माणसे फार एकटी वाटतात." 'एकटी' हा शब्द माझाच. प्राध्यापकांनी तो चाळीस वर्षांनी नव्याने शोधून काढला. नंतर मी तुला अनेकदा सांगितले की त्या भोकात कोणालातरी उभे कर, रचना मोडते आहे. तू म्हणायचास, "ती जागा भरलेलीच हाय." मला वाटे, हा चूक कबूल न करण्याचा कलावंती मार्ग.

त्यातही लाजिरवाणी गोष्ट अशी की मी त्या रांगेत आहे. भगदाडाच्या लगेच पुढचा, मान ताठ आणि कान लाल झालेला माणूस, तो मी. परीक्षेचे दिवस होते. आपण दोघे शाळेतून एकत्र निघालो, तू माझ्या मागे उभा राहिलास, आणि मग वही घेऊन रस्त्यापलीकडे मैदानाच्या बुटक्या कठड्यावर जाऊन बसलास, डोक्यावर रुमाल टाकून. मी मात्र मुख्याध्यापकांशी मनातल्या मनात भांडत होतो. पर्यवेक्षणाच्या पाळ्यांवरून सकाळी खटका उडाला होता आणि मला दुपारी उत्तरे सुचत होती. माझ्या पाठीमागे काय चालले आहे, याकडे माझे लक्ष नव्हते. समोर ती उन्हातली बाई मला दिसत होती, हे आठवते. मला वाटले, उशिरा आली, म्हणून उन्हात उभी. नियम म्हणजे नियम.

काल सकाळी मी वहिनींकडे गेलो. त्या अंगणात बसून तुझे ब्रश रॉकेलने धूत होत्या. आता कोणासाठी, असे मी विचारले नाही. मी चित्राचा विषय काढला तशा त्या हसू लागल्या.

"भावजी, तुमाला ठाऊक न्हाई? ती उन्हातली बाई म्हंजे आमची यल्लम्मा की! बिडीच्या कारखान्यात माझ्याशेजारी बसायची."

"यल्लम्मा?"

"व्हय. दुसऱ्या दिवशी मी माल द्यायला गेले तर लई भांडली माझ्याशी. सगळ्या बायकांसमोर. म्हणाली, 'काय गं, तुझा नवरा चित्र काढाय बसतो आणि डोकं तापतं माझं! काल स्टॉपवर गेले, बघते तर खांबाजवळ सावलीत एक जागा मोकळी. मी शिरणार, तेवढ्यात पयला माणूस म्हणाला, मावशी, ती मास्तरांची हाय. ते बघा, समोर उन्हात बसल्यात, येतील दमून. मग काय करू? गेले टोकाला. त्यांना तितं ऊन, मला हितं ऊन!'"

"आणि अंबादास काय म्हणाला?"

वहिनी ब्रश झटकत म्हणाल्या, "मी घरी येऊन सांगितलं तर जेवण सोडून उठले. वही काढली. म्हणाले, मला वाटलं मी उठलो म्हणून जागा तशीच राहिली, कुणाच्या ध्यानात आली नसंल. ती ठिवलेली होती व्हय? मग रंगवायला घेतलं. यल्लम्माला नंतर चित्र दाखवायला घेऊन गेले होते. ती म्हणाली, 'माझा पदर जरा बरा काढायचा होता.'"

मी उठलो. वहिनींनी चहा विचारला. मी म्हणालो, ठेवा, साखर बरोबर घाला.

तुझ्याशी मी जे कधी बोललो नाही, ते एकच आहे, आणि ते इथे सर्वांसमक्ष लिहितो, म्हणजे नंतर मला नाकारता येणार नाही. मी रांगेत उभा होतो आणि तू बाहेर होतास, तरी रांग तुला दिसली, मला दिसली नाही. तू मला ते समजावून सांगू शकला असतास. एका वाक्याचे काम होते. पण मी भर खोलीत चूक काढली होती, आणि खरे सांगितले असते तर भर खोलीत मी उघडा पडलो असतो. म्हणून तू चाळीस वर्षे 'ती जागा भरलेलीच हाय' एवढेच म्हणत राहिलास आणि रचनेची चूक स्वतःच्या नावावर ठेवलीस. मी भांडखोर माणूस आहे. मला असे वागवणे फार अवघड असते. तू ते फार सहज केलेस.

आता प्रदर्शनाला ये-जा सुरू होईल. नक्कल म्हणणारे येतील, एकटेपण म्हणणारे येतील, पुण्याहून आणखी कोणी येईल. माझा कोणाशी वाद नाही, असे मी म्हणणार नाही. वाद आहे आणि मी दररोज तीन ते पाच तिथे खुर्ची टाकून बसणार आहे. पण प्राध्यापकांनी वाक्य मागितले होते, ते मी आज सकाळी स्वच्छ अक्षरात लिहून दिले. त्यात अमेरिका नाही, शैली नाही, माझे मतही नाही. त्यांनी ते दोनदा वाचले, खिशातला जुन्या पाटीचा कागद काढून फाडला, आणि छापणाऱ्याला तिथूनच फोन लावला. तुझ्या चित्राखाली उद्यापासून एवढेच असेल :

चित्रकार समोर उन्हात बसलेला असताना, बस येईपर्यंत, त्याच्या सावलीच्या जागेत रांगेतल्या कोणीही पाऊल टाकले नाही. जी उन्हात उभी राहिली, तिनेही नाही.